घंटेच्या दाराशी नऊ नावे

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना शनिवार-रविवारी जी शहरे दाखवली जातात, त्यांत न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये फिलाडेल्फियाच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. तडा गेलेली घंटा पाहायची, तिच्यापुढे फोटो काढायचा, जवळच्या विटांच्या इमारतीत अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला एवढे ऐकायचे. मग 'रॉकी' सिनेमातला मुष्टियोद्धा कलासंग्रहालयाच्या ज्या बहात्तर पायऱ्या धावत चढतो, त्या आपणही चढायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचे. या बेतात गैर काही नाही. पण त्यात फिलाडेल्फियाचा सगळ्यात मोलाचा भाग हुकतो, आणि तो हुकतो अगदी घंटेच्या दाराशी. ऐतिहासिक स्थळाची किंमत वास्तूच्या वयावर किंवा घटनेच्या मोठेपणावर ठरू नये, असे माझे म्हणणे आहे. त्या जागेवर जे घडले ते सगळे, अभिमानाचे आणि लाजिरवाणेही, त्याच जागेवर येणाऱ्याला सांगितले जाते की नाही, यावर ती ठरावी. या कसोटीवर अमेरिकेतले जे शहर सर्वांत आधी पाहावे ते फिलाडेल्फिया. हे काम या शहराला सहज जमलेले नाही. भांडून, चुकून, कोर्टकचेऱ्या करत ते इथवर आले आहे, आणि म्हणून ते पाहण्यासारखे आहे.

आधी घंटाच घेऊ. लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेतून ती १७५२ साली आली आणि चाचणीच्या ठोक्यालाच तडकली. जॉन पास आणि जॉन स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची वार्ता देताना ती दणाणून वाजली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिचा उगम जॉर्ज लिपर्ड या लेखकाने १८४७ साली छापलेल्या एका काल्पनिक कथेत आहे. जाहीरनाम्याचे पहिले जाहीर वाचनच मुळी ८ जुलैला झाले. आज जगाला जे नाव पाठ आहे ते 'लिबर्टी बेल' हे नाव तर १७७६च्या पुढाऱ्यांनी दिलेलेच नाही. १८३५च्या सुमारास गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी घंटेवरचे बायबलमधले वचन वाचले. देशातल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य पुकारा, असा त्याचा आशय. त्यांनी देशाला विचारले, हे 'सर्व' कोण? तेव्हापासून ती स्वातंत्र्याची घंटा झाली. तोवर ती सभागृहाची घंटा होती, सभासदांना बोलावण्यासाठी वाजवायची. म्हणजे अमेरिकेच्या या सर्वांत लाडक्या राष्ट्रीय वस्तूला तिचे नाव मिळाले ते देशाला त्याची लाज दाखवून देणाऱ्या माणसांकडून. हे कळल्यावर घंटा लहान होते का? मला तर ती यामुळेच मोठी वाटते. लिपर्डची कथा खोटी ठरली म्हणून तिच्यापुढची रांगही कमी झालेली नाही.

आता दाराबाहेर या. घंटेचे सध्याचे दालन २००३ साली उघडले. त्याला लागूनच सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर एक घर होते. व्हाइट हाऊस बांधून होईपर्यंत, १७९० ते १८०० या दहा वर्षांत फिलाडेल्फिया ही राजधानी होती, आणि या घरात आधी जॉर्ज वॉशिंग्टन आणि मग जॉन अॅडम्स हे दोन राष्ट्राध्यक्ष राहिले. घराचा बराचसा भाग १८३२ साली पाडला गेला. उरलेल्या भिंती १९५१मध्ये, परिसर मोकळा करण्याच्या भरात, जमीनदोस्त झाल्या. पुढे त्या जागेवर सार्वजनिक शौचालय बांधले गेले. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवासाची ही गत त्या काळी कोणाला खटकली नाही, याचे कारण ती जागा कोणती हेच लोक विसरले होते. २००२ साली एडवर्ड लॉलर या अभ्यासकाने जुने नकाशे आणि पत्रे ताडून घराचा आराखडा प्रसिद्ध केला आणि एक गोष्ट उजेडात आणली. वॉशिंग्टन यांनी या घरात नऊ गुलाम आणले होते. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलीस, रिचमंड, ख्रिस्तोफर, ओनी, मॉल, जाइल्स, जो. त्यांपैकी काहींच्या राहण्याची जागा नव्या दालनाच्या प्रवेशाच्या अगदी पुढ्यात येत होती. स्वातंत्र्याची घंटा पाहायला येणारा प्रत्येक माणूस गुलामांच्या खोलीवर पाय ठेवून आत जाणार होता, आणि त्याला ते कोणी सांगणार नव्हते.

सरकारी उद्यान खात्याची पहिली प्रतिक्रिया टाळाटाळीची होती. घंटेच्या गोष्टीत गोंधळ नको, असा सूर होता. शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी मायकेल कोर्ड या वकिलाच्या पुढाकाराने संघटना उभी केली, इतिहासकार त्यांच्या बाजूने बोलले, नगरपालिकेने पैसे दिले. २००७ साली उत्खनन झाले तेव्हा लोक कठड्याला टेकून तासन्‌तास पाहत उभे राहत. मातीखालून दोन गोष्टी जवळजवळ निघाल्या. एक, वॉशिंग्टन यांनी बांधून घेतलेल्या त्या गोलाकार खिडकीचा पाया, ज्यात आजच्या ओव्हल ऑफिसचा पूर्वज पाहता येतो. दुसरी, स्वयंपाकघरातून मुख्य घरात जाणाऱ्या भुयारी वाटेची भिंत. जेवणाची ताटे घेऊन जाणारे गुलाम पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, अशी सोय करणारी. सत्तेचे दालन आणि लपवलेली वाट एकाच खड्ड्यात. मूळ आराखडा बदलून हे अवशेष काचेखाली उघडे ठेवायचे ठरले, आणि डिसेंबर २०१०मध्ये घराची मांडणी लोकांसाठी खुली झाली. छप्पर नाही, पुऱ्या भिंती नाहीत; दारे, खिडक्या आणि चुलाणी यांच्या चौकटी तेवढ्या उभ्या आहेत, आणि एका दगडी भिंतीवर ती नऊ नावे कोरलेली आहेत.

ओनी जज ही त्या नऊ जणांतली. मार्था वॉशिंग्टन यांची ही दासी विशीतली होती. आपल्याला मालकिणीच्या नातीला लग्नाची भेट म्हणून दिले जाणार, हे तिला कळले आणि मे १७९६मध्ये घरातली मंडळी जेवत असताना ती बाहेर पडली, बंदरावर गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली. राष्ट्राध्यक्षांच्या कारभाऱ्याने तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलरचे इनाम वर्तमानपत्रात जाहीर केले. पळालेला गुलाम कोणत्याही राज्यातून परत आणण्याचा हक्क मालकाला देणारा १७९३चा कायदा वॉशिंग्टन यांच्याच सहीचा होता. तरी ती सापडूनही परत गेली नाही. म्हातारपणी, १८४०च्या दशकात, दोन वृत्तपत्रांनी तिची मुलाखत घेतली म्हणून तिची बाजू आपल्याला तिच्या तोंडून कळते. १८४८ साली ती वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती कोणाची तरी मालमत्ताच होती. घराची चौकट पाहताना हे माहीत असले, तर 'राष्ट्राध्यक्ष इथे जेवत' हे वाक्य आणि 'त्याच वेळी ती इथून निघाली' हे वाक्य एकमेकांना चिकटते. ते कोणत्याही पुस्तकात इतके चिकटत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे आणि तो हलका नाही. अठराव्या शतकातल्या माणसाला आजच्या मापाने का मोजता? तेव्हा सगळेच तसे वागत. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे; भूतकाळातल्या माणसाला त्याच्या काळाचे माप लावावे. फिलाडेल्फियाची अडचण अशी की ते माप याच शहरात तयार होते. शहराचा आज भाग असलेल्या जर्मनटाऊनमध्ये १६८८ साली चार वसाहतकऱ्यांनी गुलामगिरी पाप आहे असे लेखी कळवले होते, वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या चव्वेचाळीस वर्षे आधी. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. बाहेरून आलेल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने राज्यात ठेवले, तर तो गुलाम स्वातंत्र्य मागू शकत असे. मालक गुलामांना मध्येच राज्याबाहेर फिरवून आणू लागले, तेव्हा १७८८ साली दुरुस्ती करून ती पळवाटही बुजवली गेली. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः एके काळी गुलामांचे मालक होते. आयुष्याच्या शेवटी ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९०मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांनी काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठवला. आणि वॉशिंग्टन यांच्याच महान्यायवादींच्या, एडमंड रँडॉल्फ यांच्या गुलामांनी सहा महिन्यांच्या नियमावर बोट ठेवून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा ही खबर राष्ट्राध्यक्षांच्या घरीही पोचली. वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७९१मध्ये आपल्या चिटणिसाला लिहिले की मुदत भरण्याआधी गुलामांना व्हर्जिनियाला पाठवावे, आणि ते अशा बहाण्याने पाठवावे की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. आजचे माप बाजूला ठेवा. ज्या गोष्टीची माणूस स्वतः लपवाछपवी करतो, ती चूक असल्याचे त्याला ठाऊक असते.

वॉशिंग्टन यांच्या बाजूने सांगण्यासारखे आहे आणि तेही सांगायला हवे. यातले बरेच गुलाम मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. ते मुक्त झाले असते, तर इस्टेटीला भरपाई द्यावी लागली असती. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली, आणि त्या पिढीच्या व्हर्जिनियन पुढाऱ्यांत ती मोठी गोष्ट होती. माणूस सरळ रेषेचा नसतो. पण ही गुंतागुंत सांगायची तरी केव्हा, जर ते नऊ जण तिथे होते हेच सांगायचे नसेल? वॉशिंग्टन यांना न्याय द्यायचा, तरी आधी ती भिंत लागते.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि सध्या तो सत्तेच्या आवाजात बोलला जातो. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने, थोर अमेरिकनांना कमी लेखणारी मांडणी सरकारी स्थळांवरून हटवावी आणि देशाची महत्ता दाखवावी, असे सांगितले. ४ जुलै २०२६ या दिवशी जाहीरनाम्याला २५० वर्षे होतात, त्याची ही तयारी. जानेवारी २०२६मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या त्या जुन्या घरातले गुलामगिरीविषयीचे फलक उद्यान खात्याने उतरवले आणि शहराने न्यायालयात धाव घेतली. निकालांचे काय व्हायचे ते होवो, आदेशामागच्या विचाराला उत्तर द्यायला हवे, कारण तो विचार अमेरिकेपुरता नाही. राष्ट्रीय स्थळे प्रेरणेसाठी असतात, मुले तिथे मान खाली घालायला जात नाहीत, असे त्याचे म्हणणे. मी उलट विचारतो: फिलाडेल्फियात प्रेरणा कोणाकडून घ्यायची, याची यादी कोण करणार? फलक उतरवले की वॉशिंग्टन तिथे राहतात, जातात त्या फक्त ओनी जज. सत्तेच्या नाकावर टिच्चून स्वतःचे स्वातंत्र्य स्वतः घेणारी विशीतली मुलगी ही त्या सबंध चौकातली सर्वांत प्रेरक व्यक्ती असू शकते, हे यादी करणाऱ्यांच्या ध्यानातच आलेले नाही. जाहीरनामा ज्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये मंजूर झाला, त्याच्याच वरच्या मजल्यावर १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला संघराज्याच्या मार्शलची कचेरी होती आणि पळून आलेल्या गुलामांना परत पाठवायचे की नाही, याच्या सुनावण्या तिथे होत. खालच्या मजल्यावर सर्व माणसे समान, वर त्यांचा ताबा कोणाकडे याचा निवाडा. दोन्ही मजले पाहिले की खालच्या मजल्याची किंमत कळते, कारण ते शब्द खरे करायला माणसांना पुढे किती वर्षे लागली ते दिसते.

मराठी माणसाला या दोन मजल्यांशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल, तर त्याला पुण्यातून उत्तर आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी देशवासीयांनी हा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. फुले ज्या थॉमस पेनच्या विचारांनी भारले गेले, त्या पेनचे 'कॉमन सेन्स' जानेवारी १७७६मध्ये याच फिलाडेल्फियात छापले गेले. फुल्यांनी अमेरिकेकडून जे घेतले ते तिच्या बलाढ्यपणातून घेतलेले नाही. आपल्याच घरातला अन्याय उघड बोलणारी माणसे तिथे निघाली, याचे त्यांना अप्रूप होते. फलक उतरवलेल्या फिलाडेल्फियात फुल्यांना अर्पणपत्रिकेसाठी कोणीच सापडले नसते.

ही माणसे कशी होती ते पाहायचे, तर सहाव्याच रस्त्याने दक्षिणेला चालत लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या मदर बेथेल चर्चपाशी जावे. रिचर्ड अॅलन १७६० साली गुलाम म्हणून जन्मले, कष्ट करून त्यांनी आपली सुटका विकत घेतली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळणारी वेगळी वागणूक सहन न करता त्यांनी स्वतःचे चर्च काढले. लोहाराचे एक जुने दुकान ओढून आणून या जागेवर ठेवले आणि १७९४ साली तिथे प्रार्थना सुरू केली. आजची भव्य इमारत १८८९-९०ची आहे, पण जमीन तीच, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीत सलग इतकी वर्षे राहिलेली याहून जुनी जमीन नाही असे मानले जाते. तळघरात अॅलन यांची समाधी आणि लहानसे संग्रहालय आहे. १७९३च्या पीतज्वराची गोष्ट तिथे ऐकायला हवी. पन्नास हजारांच्या शहरात सुमारे पाच हजार माणसे मेली, सरकारसुद्धा शहर सोडून गेले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असा चुकीचा समज करून डॉक्टर बेंजामिन रश यांनी अॅलन आणि अॅब्सलम जोन्स यांच्याकडे मदत मागितली. त्यांच्या माणसांनी रोग्यांची सेवा केली, प्रेते उचलली आणि स्वतःही शेकड्यांनी मेली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने त्यांच्यावर चोरीचा आणि अवाच्या सवा पैसे उकळल्याचा आरोप छापला. अॅलन आणि जोन्स यांनी १७९४ साली हिशेबासह छापील उत्तर दिले. साथीच्या काळात सेवा कोण करते आणि साथ गेल्यावर संशय कोणावर घेतला जातो, हे पाहिलेल्या पिढीला तळघरातली ती गोष्ट जुनी वाटणार नाही.

तिसरे ठिकाण शहराच्या वायव्येला आहे आणि ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी हा किल्ल्यासारखा तुरुंग १८२९ साली उघडला. तो दुष्टपणातून जन्मलेला नाही, चांगुलपणातून जन्मला. फटके, फाशी आणि गर्दीचे कोंडवाडे यांना कंटाळलेल्या सुधारकांना वाटले की माणसाला एकांत, काम आणि बायबल दिले की तो आपोआप पश्चात्तापाकडे वळेल. जॉन हॅविलँड या वास्तुरचनाकाराने चाकाच्या आऱ्यांसारख्या ओळी काढल्या, प्रत्येक कोठडीला छतातून प्रकाश आणि मागे भिंतींनी बंद केलेले छोटे अंगण दिले. बाहेर नेताना कैद्याच्या डोक्यावर टोपडे घातले जाई, म्हणजे त्याने कोणाला पाहू नये आणि कोणी त्याला पाहू नये. जगातल्या शेकडो तुरुंगांनी हा आराखडा उचलला. १८४२ साली चार्ल्स डिकन्स येऊन गेले आणि मनावर होणारा हा संथ अत्याचार शरीरावरच्या कोणत्याही छळापेक्षा वाईट आहे असे त्यांनी लिहिले. तरी एकांताची पद्धत अधिकृतपणे १९१३पर्यंत टिकली, तुरुंग १९७१ साली बंद झाला आणि १९९४पासून लोकांना पाहायला मिळतो. तो झगमगीत केलेला नाही. पडझड थांबवली आहे, पण पोपडे, गंज आणि छतातून आलेली झाडांची मुळे तशीच दिसतात. अंगणात २०१४ साली सुमारे सोळा फूट उंचीचा पोलादी आलेख उभारला गेला, अमेरिकेत दर दशकात किती माणसे तुरुंगात होती ते दाखवणारा. शेवटचे खांब इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी उंच आहेत, मान वर करूनच पाहावे लागतात. शाळेत शिकवला जाणारा इतिहास चांगली माणसे आणि वाईट माणसे यांचा असतो. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट ऐंशीहून अधिक वर्षे लोकांना कशी चिरडू शकते, हे शिकवणारी जागा दुर्मीळ.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडखळायला लावतो. लाजेचेही प्रदर्शन होऊ शकते. फलक लावला, डोळे ओले झाले, भेटवस्तूंच्या दुकानात शिरलो, झाले. शिवाय जे शहर दोनशे वर्षांपूर्वीची चूक कबूल करते, ते आजची करते का? फिलाडेल्फियाचे उत्तर इथे डागाळलेले आहे. १३ मे १९८५ रोजी पोलिसांनी ओसेज अॅव्हेन्यूवरच्या 'मूव्ह' या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. आग विझवायला उशीर केला गेला, पाच मुलांसह अकरा जण मेले, एकसष्ट घरे जळाली. २०२१ साली उघड झाले की त्या आगीतल्या बळींचे मानले जाणारे अवशेष पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पुराणवस्तुसंग्रहालयात कुटुंबीयांच्या संमतीविना ठेवले आणि शिकवायला वापरले गेले होते. याच संग्रहालयात सॅम्युएल मॉर्टन यांनी एकोणिसाव्या शतकात वंशांची उतरंड सिद्ध करण्यासाठी जमवलेल्या कवट्यांचा साठा होता. त्यातल्या फिलाडेल्फियाच्या एकोणीस कृष्णवर्णीय व्यक्तींना २०२४ साली मूठमाती देण्यात आली. म्हणून आक्षेप अर्धा खरा आहे हे मी मान्य करतो. पण उरलेला अर्धा पाहा. मॉर्टनच्या कवट्या वर्गाच्या कपाटातून निघाल्या, त्या संग्रहालयाला स्वतःहून सुचले म्हणून निघाल्या नाहीत. विद्यार्थ्यांनी आणि शहरवासीयांनी प्रश्न लावून धरला म्हणून निघाल्या. ओसेज अॅव्हेन्यूवर २०१७मध्ये जो सरकारी निळा फलक लागला, तो एका शाळेतल्या मुलांनी अभ्यास करून, अर्ज करून मिळवलेला आहे. एका कोपऱ्यावर लोकांनी खरे मागितले आणि ते मिळाले, की दुसऱ्या कोपऱ्यावर मागण्याचे धैर्य येते. प्रदर्शन म्हणा, पण त्याचा असा लागोपाठ परिणाम झालेला दिसतो.

पूर्ण गोष्ट सांगितली जाते का, हा प्रश्न आपण पायऱ्या चढून गेल्यावर कलासंग्रहालयातही विचारावा. तिथे मदुराईचा कोरीव दगडी मंडप उभा आहे. अॅडलीन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या तरुणीने १९१२ साली मदुराईत ते खांब विकत घेतले आणि १९१९ साली ते संग्रहालयाला मिळाले. बहुतेक भारतीय पाहुणे तिथे हात जोडतात, काही रागावतात. दोन्ही स्वाभाविक. माझ्या मते जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे हे खांब कोणत्या क्रमाने इथे आले ते वाचणे आणि जिथे क्रम तुटतो तिथे विचारणे. माहीत नसलेल्या गोष्टीशी प्रामाणिक कसे राहावे, याचा नमुना याच शहरात दिसतो. फ्रँकलिन यांचे घर कसे दिसत होते हे पुरेसे ठाऊक नाही, म्हणून १९७६ साली वास्तुरचनाकार रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी अंदाजाने घर बांधले नाही. घराच्या जागेवर पांढऱ्या पोलादी नळ्यांची नुसती बाह्यरेषा उभी केली आणि खाली पाया पाहायला झरोके ठेवले. खोटी भिंत बांधण्यापेक्षा हवा दाखवणे बरे, असा निर्णय घेणारे सरकारी स्मारक मला दुसरे आठवत नाही.

आणि आपले स्वतःचे माणूस? आनंदीबाई जोशी ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, ते फिलाडेल्फियातले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी याच शहरात छापले गेले, आणि १८८९च्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी अमेरिकेची वाखाणणी करतानाच तिथल्या वर्णद्वेषावरही बोट ठेवले. आज त्या महाविद्यालयाची कागदपत्रे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात आहेत, आणि १८८५ सालचे ते छायाचित्रही, ज्यात साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली एका रांगेत बसलेल्या आहेत. हे छायाचित्र मराठी घरांतून फोनवर फिरत असते, खाली 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' एवढीच ओळ. नवव्या वर्षीचे लग्न, चौदाव्या वर्षी जन्मून दगावलेले मूल, पती गोपाळरावांचा आधार आणि त्यांचा जाच, थंडीत जडलेला क्षय, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक होऊनही काम सुरू करता न येता बावीस पुरी होण्याआधी पुण्यात आलेला मृत्यू, हे त्या ओळीत नाही. वॉशिंग्टन यांच्या घराला जी कसोटी लावली ती आनंदीबाईंनाही लावावी लागेल. पूर्ण गोष्ट कळली म्हणून त्यांच्याविषयीचा आदर कमी झालेला मराठी वाचक मला ठाऊक नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. अर्धा दिवसच हातात असेल, तर तुरुंग आणि कलासंग्रहालय पुढच्या फेरीसाठी ठेवावे आणि सहावा रस्ता धरावा. मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे घर, इंडिपेंडन्स हॉल, मग वॉशिंग्टन स्क्वेअर, जिथल्या हिरवळीखाली स्वातंत्र्ययुद्धातले अनामिक सैनिक पुरले आहेत आणि जिथे गुलाम सुटीच्या दिवशी जमून आपापल्या भाषांत गात, आणि शेवटी मदर बेथेल. सगळे मिळून एक किलोमीटरच्या आसपास, म्हाताऱ्या पायांनाही झेपेल असे. हॉलच्या प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी, चर्चच्या संग्रहालयाचीही फोनवर विचारून घ्यावी. घंटेपुढची रांग फार लांब असेल, तर चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूच्या काचेतून ती बाहेरूनही स्पष्ट दिसते, आणि तिथे वाचलेला पाऊण तास त्या दगडी भिंतीपाशी उभे राहून नऊ नावे नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवायला पुरतो.